अर्ज एकच आणा: दफनभूमीच्या वीस गुंठ्यांसाठी घातलेली दोन वर्षं

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझी मावससासू प्रभूमध्ये निजली. पावसाने तीन दिवस उघडीप दिली नव्हती. मिशनच्या जुन्या दफनभूमीत पोरांनी सकाळी सातला खणायला घेतलं आणि नऊच्या सुमारास त्यातला एक जण पाळकसाहेबांना बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगू लागला. दोन ठिकाणी खणून झालं होतं, दोन्हीकडे जुन्या पेटीच्या फळ्या लागल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी फावड्याबरोबर एक हाड वर आलं. साहेबांनी ते खिशातल्या रुमालात घेतलं, त्याच खड्ड्याच्या कडेला ठेवलं आणि हातानेच वर माती ओढली. अकरा वाजता आम्ही मावशींना तिथेच ठेवलं. खाली कोण होतं, कोणालाच ठाऊक नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, चिटणीस. आमचं नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या दोन वर्षांत जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण अलीकडे तीन गावांहून फोन आले की बाई, तुम्ही हे कसं केलंत. फोनवर सगळं सांगून होत नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. मागून एसपीजी या मिशन संस्थेचे इंग्रज मिशनरी आले, कॅथलिकांचे जेझुइट फादर आले, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. अमेरिकन आणि एसपीजी त्या दिवशी कागदोपत्री एक झाले. तरी आमच्याकडे सोयरीक जुळवताना म्हातारी माणसं अजून विचारतात, "ते अमेरिकन मिशनचे का एसपीजीचे?" त्यात आता पेंटेकॉस्टल पंथाच्या दोन मंडळ्या, त्यांना फेलोशिप म्हणतात. सीएनआय, कॅथलिक, मुक्तिफौज आणि या दोन, अशा पाच मंडळ्या. पुरायला जागा मात्र एकच, एक एकराच्या आतली, आणि तीही मिशनची, म्हणजे आम्हा सीएनआयवाल्यांची. इतरांना तिथे पुरू देत होतो, पण 'देत होतो' असंच. दरवेळी आमच्याकडे चिठ्ठी मागावी लागे.

सप्टेंबरात कागद गोळा करायला घेतले. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, तिथून सुरुवात केली. जुन्या दफनभूमीला लागून सरकारी पड आहे, भोगवटादाराच्या जागी 'महाराष्ट्र शासन'. जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायला चार खेपा झाल्या. तिथे एक जण म्हणाला, या जागेसाठी आधीही कोणी मागणी केलीय बहुतेक. कोणी, ते त्याला सांगता येईना. म्हणून ९ ऑक्टोबरला माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ही शब्दमर्यादा पाळा, नाहीतर तेवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो. तीस दिवसांची मुदत असते, मला चौतिसाव्या दिवशी बोलावणं आलं.

टेबलावर अव्वल कारकुनांनी फाइल उघडली. आत तीन अर्ज. २००९ चा आमच्या मंडळीचा, २०१४ चा कॅथलिकांचा, २०१९ चा एका फेलोशिपचा. जागा तीच, गट नंबर तोच. कॅथलिकांनी लिहिलं होतं की सध्याची दफनभूमी परपंथीयांची असल्याने आमची कुचंबणा होते. आणि आमच्या अर्जाचं शेवटचं वाक्य होतं, "सदर जागेबाबत इतर पंथीयांचे अर्ज विचारात घेऊ नयेत."

अक्षर माझंच होतं. तेव्हाच्या कमिटीने मजकूर सांगितला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहून दिला होता. मी साफ विसरले होते. कारकून माझ्याकडे बघत होते, टिंगल अजिबात नव्हती. म्हणाले, "बाई, तुमचा येशू एकच ना? मग अर्ज तीन कसे? साहेब कोणाला देणार, कोणाला नाही म्हणणार? म्हणून तिन्ही पडून आहेत. एकच अर्ज आणा."

प्रत्येक पानाचे दोन रुपये भरून तिन्ही अर्जांच्या नकला घेतल्या आणि घरी आले. पाळकसाहेबांना दाखवल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

डिसेंबर नाताळात गेला. ६ जानेवारी २०२४ ला पहिली बैठक माझ्या ओसरीवर झाली. कोणाच्या चर्चमध्ये बसायचं यावर दहा दिवस फोनाफोनी चालली होती, म्हणून ओसरी. फादर, पाळकसाहेब, मुक्तिफौजेच्या मेजरबाई, दोन्ही फेलोशिपचे पास्टर, आणि चहाला माझी सून. सुरुवातीची प्रार्थना एका पास्टरांनी केली ती बारा मिनिटं चालली. फादर शांत बसले होते, पण चहा गार झाला.

एकाने पहिल्यालाच हात झटकले. त्याचं म्हणणं, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे, सरकारच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? पाळकसाहेब म्हणाले, "नागरिकत्व स्वर्गातलं आहे, पास्टर, पण मयत तालुक्यातच पुरावी लागते." सगळे हसले, तोही हसला. खरी गोष्ट त्याने नंतर फाटकापाशी सांगितली. त्याची सभा घरात भरते, नोंदणी नाही. सरकारदरबारी नाव गेलं की उद्या कोणी चौकशीला येईल ही धास्ती. ती धास्ती पोकळ आहे असं मी त्याला सांगू शकले नाही. एवढंच म्हटलं की बायबलमधल्या पौलानेसुद्धा अडचणीत आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं आणि थेट कैसराकडे, म्हणजे रोमी बादशहाकडे, दाद मागितली होती.

मुख्य अडलं ते जागेत कोणाला पुरायचं यावर. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मसुद्यात 'बाप्तिस्मा झालेल्या व्यक्ती' असं घातलं होतं. वाचून दाखवलं, माना डोलल्या. मेजरबाई जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्या फौजेत बाप्तिस्मा देत नाहीत. मग आमची माणसं कुठं न्यायची?" ओसरीवर कोणी काही बोलेना. चाळीस वर्षं त्यांची माणसं आमच्या शेजारी पुरली जात होती, आणि ही साधी गोष्ट आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती. ते वाक्य खोडलं. त्याऐवजी लिहिलं, 'पाचांपैकी कोणतीही मंडळी ज्याला आपला म्हणेल तो.' आत्महत्या केलेल्यांचं काय, हे एकाने विचारलं. फादर म्हणाले, त्या कारणावरून आता आम्ही दफन नाकारत नाही. तो मुद्दा तिथेच संपला.

जमीन आशीर्वादित करण्यावरून मात्र दोन बैठका गेल्या. कॅथलिकांना ती करून हवी, पास्टरांना ते मान्य नाही. शेवटी ठरलं की फादर ज्या त्या कबरेला आशीर्वाद देतील, सगळ्या जमिनीला नाही. मृतांसाठी प्रार्थना करायची की नाही हा वाद आम्ही काढलाच नाही. तो सोडवायला आम्ही बसलोच नव्हतो.

यातल्या एका बैठकीत मी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय वाचला. अब्राहामाची बायको सारा वारली तेव्हा त्याच्याकडे त्या देशात वितभर जमीन नव्हती. तो वेशीवर गावकऱ्यांपुढे उभा राहतो, वाकून नमस्कार करतो, जमिनीचा मालक एफ्रोन फुकट देतो म्हणतो तरी ऐकत नाही, चारशे शेकेल रुपे (चांदी) साक्षीदारांसमोर तोलून देतो. आणि मग शेत, त्यातली मकपेलाची गुहा, हद्दीतली झाडं, सगळं नीट मोजून सांगितलं आहे. शिक्षिका म्हणून सांगते, पवित्र शास्त्रातलं याच्याइतकं चोख खरेदीखत दुसरं नाही. लहानपणापासून हा अध्याय कंटाळवाणा वाटून मी पुढची पानं उलटत असे.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा असतो. आमच्याकडे तो कॅलेंडरवरच असायचा. त्या वर्षी २५ ला संध्याकाळी पाचही मंडळ्या एका जागी बसल्या आणि तिथेच संयुक्त समिती जाहीर केली. फादरांना नाशिकच्या धर्मप्रांताची लेखी परवानगी यायला पाच आठवडे लागले. पाच जणांचा करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर झाला (ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो), नोटरीचे ३०० रुपये.

४ मार्च २०२४ ला संयुक्त अर्ज दिला. सोबत करार, जुने तिन्ही अर्ज मागे घेतल्याची पत्रं, सातबारा, फेरफार, हाती काढलेला नकाशा. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढे दोन वेळा 'असा अर्ज आलाच नाही' हे ऐकलं आणि दोन्ही वेळा ती पोच कामी आली.

बारा दिवसांनी लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनपर्यंत काही हललं नाही.

त्या काळात रविवारी एक गंमत झाली. आम्ही दर उपासनेत राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्यासाठी प्रार्थना करतो. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलं आहे, त्याला धरून. मी पाळकसाहेबांना म्हटलं, यादीत खालचेही घाला. त्यांनी खरंच 'आमचे तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि अव्वल कारकून' म्हटलं. मागच्या बाकावर पोरी फिसफिसल्या. पण पुढच्या सोमवारी तहसीलच्या पायऱ्या चढताना माझा राग जरा कमी होता, हे खरं.

जूनच्या शेवटी पंचनामा झाला. त्याच सुमारास एका मध्यस्थाने निरोप पाठवला, चाळीस हजारांत दोन महिन्यांत करून देतो. आमच्यातले दोघे द्यायला तयार होते. मेजरबाई म्हणाल्या, मग कबरेवर काय लिहायचं? दिले नाहीत. दिले असते तर काम लवकर झालं असतं, हे मी नाकारत नाही.

मोजणीला अतितातडीचं ३,००० रुपयांचं चलन भरलं. २२ ऑगस्टला मोजणीदार रोव्हर (मोजणीचं यंत्र) घेऊन आले, आणि मोजणीत निघालं भलतंच. जुन्या दफनभूमीच्या सात कबरी हद्दीबाहेर, सरकारी पडीत होत्या. सगळ्या आमच्याच मंडळीच्या. इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या अतिक्रमणाबद्दल बोलणारे आम्हीच अतिक्रमणदार. हद्दी कायमच्या मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आली ती त्या सात कबरींसकट. पाळकसाहेबांनी ते अर्जाच्या पुरवणीत स्वतःहून लिहून द्यायला लावलं. मला ते पटलं नव्हतं. पण पुढे सुनावणीत शेजाऱ्यांनी तोच मुद्दा काढला तेव्हा तो आधीच कागदावर होता.

जागा कोणाच्या नावावर मागायची, यावर आमच्यात कडाक्याचं वाजलं. बरेच जण म्हणत, ट्रस्टच्या नावावर. मिशनच्या कितीतरी जागा ट्रस्टींच्या भांडणात कोर्टात अडकलेल्या आहेत, हे माहीत असूनही. इथे मदत दोन ठिकाणांहून झाली. कब्रस्तानच्या कमिटीतले एक चाचा म्हणाले, नगरपरिषदेकडेच राहू द्या, कुलूप कोणाला लावता येणार नाही. आणि माझ्याबरोबर नोकरीला असलेले एक लिंगायत गुरुजी त्यांच्या रुद्रभूमीची अख्खी फाइल घेऊन आले. त्यांच्यातही दफनच करतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे मयतांसाठी जागा पुरवणं हे नगरपरिषदेचं काम आहे, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी ती जागा राखून ठेवू शकतात, हे मला त्या फाइलीतून कळलं. तोवर आम्ही 'कृपा करून द्यावी' असं लिहीत होतो. त्यानंतरच्या पत्रांत 'तरतुदीनुसार राखीव ठेवावी' असं लिहिलं.

नगरपरिषदेत तेव्हा नगरसेवक नव्हते. निवडणुका रखडलेल्या, कारभार प्रशासकांकडे. त्यामुळे ठरावासाठी एकाच माणसाची सही पुरे होती, पण ज्याला मतांची फिकीर असेल असा कोणी मागे लागायला नव्हता. ७ ऑक्टोबरला जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या सरकारी दिवसाला, गेलो. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. फादर झग्यात, मेजरबाई गणवेशात, पाळकसाहेब पांढऱ्या कॉलरमध्ये, पास्टर शर्टपँटमध्ये, एका ओळीत. समोरच्या अधिकाऱ्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "तुम्ही सगळे एकाच अर्जाचे?" आठ दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली.

जानेवारी २०२५ मध्ये पत्र आलं की गरज सिद्ध करा, ख्रिस्ती लोकसंख्या किती ते द्या, सह्यांसह. आता हे लिहू की नको, असं झालंय. पण लिहिते, कारण ज्यांनी फोन केले त्यांना हेच विचारायचं होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे शीख आणि बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. म्हणून आमच्याकडची कितीतरी घरं रविवारी चर्चमध्ये आणि जातीच्या दाखल्यावर वेगळी असतात. मुलाचं शिक्षण, नोकरी त्या कागदावर टिकलेली असते. मी सह्यांसाठी अकरा घरं फिरले, सहा घरांनी चहा दिला आणि सही दिली नाही. एक भाऊ म्हणाले, "बाई, मेल्यावर इथंच येणारे मी. पण आत्ता सही नका मागू." मी कागद पिशवीत घातला.

त्याच आठवड्यात, २७ जानेवारीला लागलेला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पेपरात वाचला. छत्तीसगडमध्ये बस्तरच्या एका गावात ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह ७ जानेवारीपासून शवागारात होता, गावात पुरायला विरोध म्हणून. दोन न्यायमूर्तींचं मत जुळलं नाही. अखेर दुसऱ्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत न्यायचा आदेश झाला. पेपर घडी घालून मी देव्हाऱ्यासारखा जपलेला आमचा जुना लाकडी पेटारा उघडला. त्यात मंडळीची दफन-नोंदवही असते.

तिथे सुचलं. प्रत्येक मंडळीकडे मृतांची वही असतेच. पाचांच्या वह्यांतून दहा वर्षांच्या नोंदी काढल्या: क्रमांक, वय, तारीख, दफनाची जागा. नावं नाहीत. दहा वर्षांत २१४ दफनं, आणि मोजणीच्या नकाशावर मोकळी जागा अकरा कबरींची. मेलेल्यांना जातीच्या दाखल्याची भीती नसते. पत्रासोबत हा तक्ता दिला आणि तो चालला. सह्यांची यादी परत कोणी मागितली नाही.

हरकतींसाठी जाहीर प्रकटन निघालं, पंधरा दिवसांत दोन हरकती आल्या. एक शेजारच्या विहिरीबद्दल. ती रास्त होती. विहिरीकडचा पट्टा मोकळा सोडून झाडं लावायचं लिहून दिलं, ती मागे घेतली गेली. दुसरीचं उत्तर सुनावणीत दिलं.

१९ जून २०२५ ला आदेश निघाला. वीस गुंठे, 'सर्व ख्रिस्ती पंथीयांच्या दफनासाठी', ताबा नगरपरिषदेकडे, भिंत आणि पाण्याच्या सोयीशिवाय बांधकाम नाही. जुन्या सात कबरी आहेत तिथेच. आदेशाची प्रत घेऊन मी पहिल्यांदा त्या अव्वल कारकुनांकडे गेले. त्यांची बदली झाली होती. ११ ऑगस्टला ताबा पावती झाली. सगळा खर्च, नगरच्या फेऱ्या धरून, १४,६०० रुपये, पाच मंडळ्यांत वाटून. मुक्तिफौजेने आपला वाटा नाण्यांच्या डब्यातून आणला.

पहिलं दफन सप्टेंबरात झालं, ज्या भावांनी सही दिली नव्हती त्यांच्या आईचं. पाळकसाहेबांनी विधी केला, फादर मागे उभे होते. खणताना कुठेच फळी लागली नाही. पोरं साडेआठलाच मोकळी झाली आणि मयत येईपर्यंत झाडाखाली बसून होती.

२ नोव्हेंबर रविवारी आला. कॅथलिकांचा मृतांचा दिवस, त्यांच्याबरोबर आम्हीही मेणबत्त्या लावल्या. एकाने नाक मुरडलं, चालायचंच. भिंतीचं अंदाजपत्रक नगरपरिषदेत तयार होतं, आणि ४ नोव्हेंबरला नगरपरिषद निवडणुकीची आचारसंहिता लागली. भिंत होईपर्यंत जागा उघडीच, आणि शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या नव्या झाडांवर टपलेल्या. म्हणून पाळ्या लावल्यात. सोमवार-मंगळवार कॅथलिक, बुधवार मुक्तिफौज, गुरुवार-शुक्रवार दोन्ही फेलोशिप, शनिवार-रविवार आम्ही. परवा उपासनेनंतर पाळकसाहेब पांढऱ्या झग्यातच काठी घेऊन शेळ्या हाकत होते. मी फाटकापाशी, म्हणजे जिथे फाटक होणार आहे तिथे, विटेवर बसून नगरपरिषदेला द्यायच्या स्मरणपत्राचा मसुदा लिहीत होते.